दीडशेवा अर्ज

आमच्या कारखान्यात टूथब्रश बनायचे. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण कुणी विचारलं, सून काय करते, तर सासूबाई "प्लॅस्टिकच्या कंपनीत ऑफिसला आहे" एवढंच सांगून विषय बदलायच्या. ऑफिसला म्हणजे काय, तर हजेरी, रजा, पगारपत्रकं आणि सरकार दरवर्षी नव्याने शोधून काढतं ते सगळे अर्ज. अर्ज भरण्यात माझा हात धरणारं कारखान्यात कुणी नव्हतं. माझं अक्षर चांगलं आहे, आणि अर्धवट सोडलेला रकाना दिसला की माझं डोकं फिरतं.

एका सोमवारी मालकांनी सगळ्यांना पॅकिंगच्या हॉलमध्ये बोलावलं, स्वतः एका खोक्यावर उभे राहिले आणि कारखाना सीमेपलीकडे जातोय म्हणून सांगून टाकलं. तीस किलोमीटरवर. पलीकडच्या राज्याने बाहेरून येणाऱ्या कारखान्यांना दहा वर्षं राज्याचा कर माफ केला होता, आणि आमच्या राज्याने नेमका त्याच वर्षी तो वाढवला होता. शेजारचा खोकी बनवणारा गेला, टूथपेस्टच्या ट्यूबा करणारा गेला, समोरचा चहावालासुद्धा गिऱ्हाईक गेलं म्हणून टपरी टेम्पोत घालून गेला. आपण तरी किती दिवस टिकणार, असं मालक म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, पण ते कापरेपण खोक्यामुळेही असेल. मला त्या वेळी त्यांची दया आली नाही.

माफीला एक अट होती. कारखान्याच्या निदान दीडशे कामगारांनी कुटुंबासकट तिकडे राहायला गेलं पाहिजे. सकाळी जाऊन संध्याकाळी परत, असं चालणार नव्हतं. त्या राज्याला टूथब्रशांशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला माणसं हवी होती. घरं भाड्याने घेणारी, तिथल्या दुकानांतून साबण-तेल नेणारी, पुढेमागे तिथेच मतदान करणारी माणसं. प्रत्येक घराचा एक रहिवास बदलाचा अर्ज, त्यात घरातल्या सगळ्यांची नावं, आणि असे दीडशे अर्ज महिनाअखेरीच्या आत तिथल्या कचेरीत. एकशे एकोणपन्नास झाले तर माफी नाही.

हे सगळं मालकांना ज्यांनी समजावून दिलं होतं ते करसल्लागार होते. प्रत्येक वाक्यात टक्के आणायची त्यांना सवय होती, म्हणून पहिल्याच आठवड्यात मोल्डिंगवाल्यांनी त्यांचं नाव टक्केसाहेब ठेवलं. टक्केसाहेबांनी अर्जांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाले, "हे तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही." खरं तर तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

मी स्वतः मात्र जाणार नव्हते. कारण माझा नवरा.

तोही याच कारखान्यातला, मोल्डिंगच्या मशिनवरचा फिटर. आमचं जमलं तेही मशिनच्या आवाजात ओरडून बोलता बोलता. म्हणून लग्नानंतरही मी त्याला अरे-तुरेच करत राहिले आणि सासूबाई पहिलं वर्षभर कपाळाला आठ्या घालून फिरल्या. पाच वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार सरकारी दवाखान्यात डायलिसिस. चार तास मशिनला जोडून घ्यायचं आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचं. माझा रक्तगट जुळला नाही. सासूबाईंना साखर आहे, त्यांना डॉक्टरांनी दारातूनच परत पाठवलं, तेव्हा त्या दवाखान्याच्या पायरीवर बसून रडल्या होत्या. मग राहिली ती यादी. कुणाच्या घरचं माणूस जातं, घरचे मोठ्या मनाने हो म्हणतात आणि यादीतल्या कुणाचा तरी नंबर लागतो. आम्ही नाव घातलं तेव्हा त्याचा नंबर एकसष्ट होता. कारखान्याची बातमी आली तेव्हा सात.

यादी राज्याची आणि राज्यात राहणाऱ्यांची. रहिवास बदलला की नाव गेलं. पलीकडे गेलं तर आधी वर्षभर तिथं राहायचं, मग तिथल्या यादीत शेपटाला. शिवाय तिथं असा दवाखानाच नव्हता. आमच्याकडे कर होता, म्हणून चार तासांचं मशिन फुकट होतं. तिकडे कर नव्हता, म्हणून मशिनही नव्हतं. हे मला कळत होतं तसं मालकांनाही कळत होतं, पण त्यांच्या किडन्या शाबूत होत्या. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की मी बसने येऊन-जाऊन करीन, त्या दीडशेत मला धरू नका. ते लगेच हो म्हणाले. माणूस तसा वाईट नाही.

मग अर्ज सुरू झाले आणि माझ्या नाकी नऊ आले. आमच्या लोकांना टूथब्रशमध्ये मिनिटाला हजारो केस बसवता येतात, पण रकान्यात नाव बसवता येत नाही. म्हणून मी एक अर्ज नमुना म्हणून भरून बोर्डावर लावला. नावाच्या जागी लिहिलं, अ. ब. क. दोन दिवसांनी मोल्डिंगचे तीन अर्ज आले आणि तिन्हींत वडिलांचं नाव अ. ब. क. एकाने तर सहीसुद्धा तशीच केली होती. मी कपाळावर हात मारून घेतला. मी त्याला विचारलं, हे काय, तर म्हणाला, बाई, तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार.

तेव्हा मी तो नमुना फाडला आणि दुसरा भरला, खराखुरा. माझं नाव, नवऱ्याचं नाव, सासूबाईंचं नाव, वयं, नाती, जुना पत्ता, नव्या वसाहतीतला एक मनाने टाकलेला खोली क्रमांक. लोक सही करायला विसरत, म्हणून सहीही केली. घरातल्या एकाची सही पुरे होती. तारीखही घातली. आणि "नमुना" हा शब्द कुठं लिहिला, तर अर्जाच्या वर टाचलेल्या वेगळ्या चिठ्ठीवर. कारण अर्जावर रेघोट्या ओढलेल्या मला आवडत नाहीत. त्या टापटिपीचा आता इतका राग येतो, की कधीकधी स्वतःच्या हाताकडे बघवत नाही.

अर्ज हळूहळू वाढले. काही घरांत भांडणं झाली, काहींत रडारड. महिना संपायला तीन दिवस असताना बरोबर दीडशे झाले. त्यात पॅकिंगच्या काकूंचाही होता.

काकू कारखान्यातल्या सगळ्यांत जुन्या. घरी विधवा लेक आणि आठ वर्षांची नात. नातीला जन्मापासून ऐकू येत नाही. काकूंना सहीपुरतं लिहिता येतं, बाकी अक्षरओळख नाही. गेली बारा वर्षं त्यांचा प्रत्येक कागद मी भरला आहे. मी बोट ठेवीन तिथे त्या सही करतात, दुसऱ्या कुणाला कागदाला हात लावू देत नाहीत. त्यांचा अर्ज भरताना मला सहज आठवलं, की नात जाते ती शाळा सरकारी आहे, मुक्या-बहिऱ्या मुलांची, आणि तिथली जागा राज्यातल्या मुलांनाच मिळते. मी शाळेत फोन करून नियम विचारला. रहिवास बदलला की पुढच्या सत्रापासून जागा रद्द. पलीकडे तशी शाळा नव्हती.

मी काकूंना जेवणाच्या सुट्टीत बाजूला घेऊन सगळं नीट सांगितलं. नुकतीच पोर हातांनी "आजी" म्हणायला शिकली होती. काकूंनी मला ते करून दाखवलं, दोन बोटं हनुवटीला लावून. मग म्हणाल्या, "फाड तो कागद. नोकरी गेली तर जाऊ दे." मी तो त्यांच्यासमोर फाडला. त्या दिवशी घरी जाताना मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

टक्केसाहेबांना मी एक कमी झाल्याचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे न बघता, बघतो म्हटलं. दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख होती आणि नेमका गुरुवार. माझी रजा. शुक्रवारी कामावर आले तर गठ्ठा गेलेला आणि पूर्ण दीडशे. कोण तयार झालं विचारलं तर म्हणाले, झालं एक घर तयार. गोडाऊनमधल्या एकाचं हो-नाही चाललं होतं, तोच असेल असं मी धरून चालले. बोर्ड रिकामा दिसला. मुदत संपली म्हणून कुणीतरी साफ केला असणार, इतकाच विचार मी केला, आणि खाली पडलेल्या टाचण्या उचलून डबीत टाकल्या.

पुढचे सात आठवडे सामान हलवण्यात गेले. मशिनं गेली, माणसं गेली, जुन्या जागी फक्त पॅकिंगचा हॉल शिल्लक माल संपेपर्यंत चालू राहिला. मी सकाळी साडेपाचची बस धरायचे. वाटेत रस्त्याच्या कडेला बंद दुकानं मोजायची आणि सीमेची पाटी गेली की उघडी. आमच्या गल्लीतली सहा घरं रिकामी झाली होती. न्हावी गेला, शिकवणीच्या बाई गेल्या. पण घरात मात्र हवा बदलली होती, कारण नवऱ्याचा नंबर तीन झाला होता.

त्याला दिवसाला अर्धा लिटर पाण्याची मुभा. औषधाच्या गोळ्यांसकट. तो सकाळी बाटलीत मोजून भरायचा आणि दिवसभर झाकणाने प्यायचा. उन्हाळ्यात त्याची जीभ इतकी सुकायची, की बोलताना टाळ्याला चिकटल्याचा आवाज यायचा. नंबर तीन झाला त्या दिवशी त्याने सासूबाईंना माळ्यावरचा मोठा पितळी तांब्या काढायला लावला. म्हणाला, "सिनेमाच्या रांगेत पुढे दोनच डोकी राहिलीत. तिकीट मिळालं की हा भरून एका दमात पिणार. मधे कुणी बोलायचं नाही." सासूबाईंनी तो घासूनपुसून फळीवर ठेवला. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि आवाज होईल इतपत भांडी आपटली, म्हणजे रडलेलं ऐकू जाणार नाही.

पुढच्याच मंगळवारी दवाखान्यात त्याच्या कार्डाला मशिनने लाल दिवा दाखवला. आत घेतलं त्याला, पण मला नोंदणीच्या खिडकीवर पाठवलं. तिथल्या बाई ओळखीच्या होत्या, पाच वर्षांत तेवढं होतंच. त्यांनी बराच वेळ बटणं दाबली आणि विचारलं, तुम्ही राज्य सोडलं का. मी हसले. म्हटलं, सोडलं असतं तर इथे कशी असते. त्यांनी पडदा माझ्याकडे फिरवला.

माझाच अर्ज होता. इतकं स्वच्छ अक्षर दुसऱ्या कुणाचं असणार. नवऱ्याचं नाव, वय, नातं. मनाने टाकलेला खोली क्रमांक. खाली सही.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात, तसं काही झालं नाही. उलट सगळं जागच्या जागी, अगदी ठळक दिसायला लागलं. खिडकीची जाळी, बाईंच्या बांगडीला गुंडाळलेला दोरा, बोर्डावरून पडलेल्या टाचण्या. बाईंनी विचारलं, "सही तुमचीच ना?" मी हो म्हटलं.

त्या बाई भल्या. त्यांनी पंधरा दिवस नाव थोपवून धरलं. तेवढ्या दिवसांत पलीकडच्या कचेरीचं, अर्ज रद्द झाल्याचं पत्र आणा, म्हणाल्या, त्यानंतर नाव आपोआप गळून पडेल आणि मग मीही काही करू शकणार नाही. डायलिसिससुद्धा तोवरच. आत मशिनला जोडलेल्या नवऱ्याने काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं, कार्ड खराब झालंय, नवीन देतील. तो म्हणाला, कार्ड पण माझ्यासारखंच निघालं.

तिथून मी तडक बस पकडून नव्या कारखान्यात गेले. तिथे अजून भिंतींना ओल्या सिमेंटचा वास येत होता. टक्केसाहेबांनी काही लपवलं नाही. लपवण्यासारखं त्यांना काही वाटतच नव्हतं. एक कमी पडत होता, बोर्डावर एक भरलेला होता, वेळ संध्याकाळी पाचपर्यंतची.

"तो नमुना होता," मी म्हटलं.

"त्या कागदावर तसं कुठं लिहिलं नव्हतं. सही होती, तारीख होती. शंभर टक्के वैध अर्ज होता."

मी टेबलावरचा पेपरवेट उचलला होता हे मला मालकांनी माझं मनगट धरल्यावर कळलं. मालकांना खरंच काही माहीत नव्हतं. त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं, त्यांनी खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं. पण अर्ज रद्द करण्याची गोष्ट निघाली तसे ते हळूहळू टेबलापलीकडे सरकत गेले. एक अर्ज गेला की एकशे एकोणपन्नास, माफी रद्द. जुनी जागा विकून झाली होती. माफीच्या भरवशावर सगळं उभं होतं, ती गेली तर दोन महिन्यांत टाळं. मग टक्केसाहेबांनीच वाट दाखवली. नव्वद दिवसांच्या आत एका अर्जाच्या जागी दुसरा देता येतो. कारखान्यातलं कुणीही चालेल, फक्त पूर्ण घर हवं. माणूस आणा, त्याच दिवशी तुमचा अर्ज परत. राहायला प्रत्यक्ष कोण आलं याची तपासणी वर्षाने, तोवर कागद पुरे. मालक म्हणाले, "माझ्या हातात एवढंच आहे." हात वर केलेल्या माणसाचे हात किती मोकळे दिसतात.

सरळ कचेरीत जाऊन मी स्वतःच अर्ज रद्द का केला नाही, असं कुणी विचारेल. मी गेले होते. खिडकीपर्यंत गेले. एकशे एकोणपन्नास घरांची दया आली म्हणून परत फिरले, असं सांगायला बरं वाटेल, पण ते खरं नाही. किडनी बसली तरी ती टिकवायची औषधं जन्मभर लागतात, ती दवाखाना देत नाही, आणि ती माझ्या पगारातून येणार होती. कारखाना मेला तर नवरा वेगळ्या वाटेने, जरा उशिरा मेला असता, इतकंच. मला दोन्ही हवं होतं.

म्हणून मी माणूस शोधायला लागले. मागे राहिलेल्या प्रत्येकाच्या दारात गेले. ज्यांना महिनाभर, घाई करू नका, नीट विचार करा, असं सांगत होते, त्यांच्यापुढे आता हात जोडत होते. बहुतेकांनी दुसरी कामं धरली होती, ते आता कारखान्याचे राहिलेच नव्हते. पॅकिंगला उरलेल्या अकराजणांत एकीची सासू अंथरुणाला खिळलेली, एकाची बायको इथल्या नगरपालिकेत, एकाचं घर स्वतःचं. एकाने दोन दिवस हो म्हणून तिसऱ्या दिवशी दार उघडलं नाही. आतून रेडिओ बंद केल्याचा आवाज आला. मी पायरीवर अर्धा तास बसले. त्याच्या बायकोने खिडकीतून, ते घरी नाहीत, असं सांगितलं. तिलाही लाज वाटत होती आणि मलाही.

काकूंना मी एकदाही विचारलं नाही. तेरा दिवस त्यांच्यासमोरून मान खाली घालून गेले.

चौदाव्या दिवशी दुपारी घरी आले तर नवरा पलंगावर पाय लोंबकळत सोडून बसला होता. डायलिसिस चुकला नव्हता, तरी पावलं सुजली होती. त्याने मला बस म्हटलं. म्हणाला, दवाखान्यात त्या बाईंनी तुला विचारलंय, पत्राचं काय झालं. कसलं पत्र?

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. तो ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फळीवरच्या तांब्याकडे पाहिलं, मग बाटलीचं झाकण उघडून तळाशी राहिलेलं पाणी बघितलं आणि परत लावलं. म्हणाला, "तू मुद्दाम केलं नाहीस." आणि थोड्या वेळाने, "पण मला मरायचं नाही गं." एवढंच. पाच वर्षांत हे वाक्य तो एकदाही बोलला नव्हता. आम्ही सगळे त्याच्या विनोदांवर हसत होतो आणि त्याला मरायचं नव्हतं. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदराने तोंड झाकलं.

मी पिशवी उचलली आणि जुन्या कारखान्यात गेले.

हॉलमध्ये शेवटची खोकी बांधून झाली होती. बाकीचे जेवायला गेले होते. काकू एकट्याच खाली बसून सुतळीचे तुकडे गोळा करत होत्या. मला बघून त्या उठायला लागल्या. मी म्हटलं, बसा काकू, एक सही हवी आहे.

"कशाची गं?"

"जे इकडे थांबले त्यांच्यासाठी कारखान्याने औषधपाण्याची योजना काढली आहे. त्याचा अर्ज आहे."

हे वाक्य मी बसमध्ये जुळवलं होतं. तोंडातून निघालं ते इतकं सहज, की माझं मलाच नवल वाटलं. काकूंनी हात साडीला पुसले. अर्ज मी आधीच भरून नेला होता, काकूंचं आणि त्यांच्या लेकीचं नाव घालून. नातीचं नाव मी लिहिलं नव्हतं. कचेरीत कुटुंबाच्या नोंदीशी ताडून पाहिलं तर अर्ज अपुरा म्हणून परत येणार, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार. पण गर्दीत कुणी पाहिलं नाही तर पोरीची जागा वाचेल, असा माझा हिशोब होता. नवऱ्याच्या जिवाला थोडासा धोका मी त्या पोरीसाठी पत्करला होता. बसमध्ये त्यावर मी स्वतःला माणूस म्हणवून घेत होते.

मी खोक्यावर कागद ठेवला आणि खाली बोट ठेवलं. काकूंनी सही केली. त्यांची सही सावकाश होते, प्रत्येक अक्षर झालं की त्या थांबतात आणि माझ्याकडे बघतात. मी दर वेळी मान डोलावली.

सही झाल्यावर त्यांनी पेन दिलं नाही. कागदावर नजर फिरवत म्हणाल्या, "ओळी दोनच कशा? आम्ही तिघी आहोत."

मी कागद उचलायला हात पुढे केला.

"पोरीचं नाव कुठे आहे? औषधपाण्याचं म्हणतेस, तर खरी गरज तिलाच. तिच्या कानाच्या मशिनचे सेल महिन्याला दोनदा बदलावे लागतात. मिळतात का त्यात सेल?"

"मिळतात," मी म्हटलं.

"मग लिही की."

मी म्हटलं, नंतर लिहिते, घाई आहे, बस चुकेल. काकूंनी पेन माझ्या हातात ठेवलं आणि माझी बोटं मिटवली. म्हणाल्या, एका नावाला कितीसा वेळ लागतो. त्यांनी सुतळीची गुंडाळी बाजूला सारून मला खोक्यावर जागा करून दिली. मी बसले. तिसऱ्या ओळीत नातीचं नाव लिहिलं. वय आठ. नातं, नात. अक्षर नेहमीसारखंच आलं. आता अर्जात एकही रकाना मोकळा नव्हता आणि तो कुठल्याच कचेरीतून परत येणार नव्हता, आणि खरं सांगायचं तर, ते कळल्याबरोबर मला हायसं वाटलं.

काकूंनी ती ओळ बोटाने चाचपून पाहिली, शाई वाळली का म्हणून. मग नवऱ्याची तब्येत विचारली. गुरुवारी दवाखान्यात येऊन जाते म्हणाल्या, पोरीलाही आणते, तिला माणसांत यायला आवडतं. मी अर्ज घडी न घालता पिशवीत ठेवला.

"बरं झालं मी विचारलं," काकू म्हणाल्या. "नाहीतर तू विसरली असतीस तिला."

"हो काकू," मी म्हटलं. "विसरले असते."